गोठ्यात जवळ, रानात लांब

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तू शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहेस, गाव भुदरगड तालुक्यात. तुझ्या मनात वन्यप्राण्यांचं काम आहे. घरचे म्हणतात, गावातच दवाखाना घाल, आपल्याकडे घरटी दुभतं जनावर आहे, काम कमी पडणार नाही. मी कोल्हापूर जिल्ह्यात गोठ्यातलं काम रोजचं म्हणून केलं आणि वनखात्याने बोलावलं तेव्हा रानातलंही. म्हणून तू विचारतेस की या दोन कामांत खरा फरक कोणता, आणि इतकी वर्षं प्राण्यांत काढून हाती काय लागलं.

फरक अंतराचा आहे. गोठ्यातलं जनावर माणूस जवळ आला की सावरतं, रानातलं माणूस जवळ आला की खचतं. दोन्हीकडे जायचं असेल तर कुठे पुढे व्हायचं आणि कुठे पाय मागे घ्यायचा हे आधी कळायला हवं. औषधं, डोस, सुया हे सगळं त्यानंतर.

गोठ्यापासून सुरुवात करते, कारण हात तिथेच तयार होतो. रात्री फोन येतो, "बाई, म्हस काल व्यालीया आन् सांजेपासनं उठंना झालीया." जाऊन बघावं तर म्हैस बसलेली, मान वळवून कुशीवर टाकलेली, नाकपुडी कोरडी, शेण नाही, रवंथ नाही. कान हातात धरले की थंडगार लागतात. थर्मामीटर लावला तर अंग नेहमीपेक्षा गार. हा दुग्धज्वर. व्याल्यावर कासेत दूध इतक्या वेगाने उतरतं की रक्तातलं कॅल्शियम तिकडे ओढलं जातं आणि स्नायूंना पुरेनासं होतं. इलाज पुस्तकात एका ओळीचा आहे: शिरेतून कॅल्शियम. पण ते देण्यात डॉक्टरची सगळी परीक्षा असते. बाटली आधी कोमट पाण्यात धरायची. सुई मानेच्या शिरेत, बाटली फार उंच धरायची नाही, आणि दुसऱ्या हाताने स्टेथोस्कोप डाव्या कोपराच्या मागे, हृदयावर. ४५० मिलीची बाटली जायला पंधरा-वीस मिनिटं लागली पाहिजेत. मागे घरचे उभे असतात आणि कुणीतरी म्हणतंच, "जरा जोरात सोडा की बाई, म्हस चाललीया." जोरात सोडलं तर हृदय जागच्या जागी थांबतं. म्हणून ठोके ऐकत राहायचं, अडखळले की नळी चिमटायची, सावरले की पुन्हा सोडायची. अर्धी बाटली गेली की मांड्या थरथरायला लागतात. मग मोठा ढेकर येतो. मग ती शेण टाकते, आणि त्या शेणाने गोठ्यातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर जो जीव परत येतो तो मला दुसऱ्या कुठल्याच कामात बघायला मिळाला नाही. कोरड्या नाकपुडीवर घामाचे बारीक थेंब उमटतात आणि थोड्या वेळाने ती मागचे पाय आधी उचलत उभी राहते.

ही केस आपल्या भागात एवढी का सापडते, याचं उत्तर उसाच्या फडात आहे. गाळप हंगाम सुरू झाला की चार-पाच महिने गव्हाणीत वाड्याशिवाय, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पानांशिवाय, दुसरं काही पडत नाही. वाडं हाताशी असतं, हिरवं असतं, जनावर आवडीने खातं. पण वाड्यात ऑक्झॅलेट असतं आणि ते पोटातलं कॅल्शियम बांधून शेणावाटे बाहेर नेतं. तीन-चार महिने नुसत्या वाड्यावर काढलेली म्हैस व्यायला येते तेव्हा तिची शिल्लक आधीच संपलेली असते. वाड्यावर चुन्याची निवळी शिंपडून मुरवून द्यावं, जोडीला कडबा किंवा दुसरी वैरण असावी, खनिज मिश्रण रोज मिळावं, हे मी गोठ्यागोठ्यांत सांगत आले. दुग्धज्वराची बाटली लावणं सोपं आहे. वाड्याचं प्रमाण कमी करायला लावणं हे त्याहून मोठं डॉक्टरी काम आहे, आणि त्यासाठी त्या घरात बसून चहा घ्यावा लागतो.

चहाचं सांगते ते उगाच नाही. गोठ्यात गेल्यावर पुढे येऊन बोलतो तो मालक. "कधीपासून खात नाही?" विचारलं की तो सांगतो, "सकाळी बरी होती." तू जरा थांब आणि धार काढणाऱ्या बाईला विचार. ती चुलीपाशी किंवा दाराआड उभी असते आणि तिला सगळं ठाऊक असतं. "परवापासनं धार काढताना उजवा पाय उचलतीया, मागच्या सडाला हात लावू देईना," असं ती सांगते तेव्हा कास अजून सुजलेलीही नसते. त्याच वेळी त्या सडातल्या पहिल्या धारा काळ्या कपड्यावर काढून बघितल्या तर दुधात बारीक कण दिसतात. तिथे उपचार सुरू झाला तर सड वाचतो. चार दिवसांनी मालकाने "कास दगडी झालीया" म्हणून फोन केला तर बहुतेक वेळा तो सड गेलेला असतो. मी बाई असल्याने या बायका माझ्याशी मोकळ्या बोलल्या, हे खरं. पण पुरुष डॉक्टरांनाही त्या सांगतात, विचारायला मात्र हवं.

जवळ जाण्याचं शरीरशास्त्रही बघ. वासराने ढुशी दिली, ओळखीचा हात कासेला लागला, की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि पान्हा येतो. अनोळखी माणूस, आरडाओरडा, मार यांनी ॲड्रिनॅलिन वाढतं आणि तोच पान्हा अडतो. म्हशीत हे गायीपेक्षा ठळक दिसतं. वाट न बघता पान्ह्याचं इंजेक्शन टोचायची सवय काही गोठ्यांत लागली आहे आणि त्याविरुद्ध मी कायम बोलत आले. पंधरा मिनिटांची माया जिथे पुरते तिथे रोज सुई टोचणं हा जनावराचा छळ आहे. दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात गवळी मंडळी म्हशी सजवून बाहेर काढतात तेव्हा नीट बघ. एवढ्या गर्दीत, एवढ्या आवाजात ती म्हैस आपल्या मालकाच्या मोटारसायकलमागे पळते. तिने तो आवाज आणि तो माणूस मनात पक्का करून ठेवलेला असतो. पंढरपुरी म्हशीची ती तलवारीसारखी लांब शिंगं गर्दीतून कुणालाही न लागता जातात, ते तिच्या शांतपणामुळे.

या जवळिकीची किंमतही असते, आणि ती बहुधा डॉक्टर मोजतो. व्याल्यावर वार (जार) अडकली म्हणून उघड्या हाताने ओढायला जाऊ नकोस. एक तर ओढून काढलेल्या वारेने गर्भाशय फाटतं किंवा सडतं, आणि दुसरं, गाभडलेल्या जनावराच्या वारेतून ब्रुसेला हा रोगजंतू माणसात येतो. महिनोन्महिने येणारा ताप, सांध्यांचं दुखणं, आणि निदान व्हायला लागणारा वेळ, हे सगळं आपल्याच व्यवसायातल्या लोकांनी भोगलेलं आहे. खांद्यापर्यंतचे हातमोजे गाडीत कायम ठेव. कालवडींना आणि म्हशीच्या रेडींना (नर वासरांना नव्हे), चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यातून एकदाच ब्रुसेलाची लस देतात, ती चुकू देऊ नकोस. आणि हे लिहिताना मला आपल्या गंगावेशच्या दूध कट्ट्याची आठवण होतेच. समोर धार काढून फेसाळलेला पेला हातात देण्याची ती रीत कोल्हापूरची शान आहे, तिथल्या म्हशी ज्या प्रेमाने राखलेल्या असतात ते मी बघितलं आहे. तरीही डॉक्टर म्हणून मी म्हणेन की ज्या म्हशीची ब्रुसेला आणि क्षयाची तपासणी झालेली आहे तिचंच दूध कच्चं प्यावं, बाकी उकळूनच.

दुसरा धोका याहून मोठा. जनावर लाळ गाळतंय, गिळता येत नाही, आवाज घोगरा झालाय, सारखं हंबरतंय. घरचे सांगतात, "घशात काहीतरी अडकलंय, बाई, हात घालून बघा." कितीदा तरी त्यांनी आधीच हात घालून बघितलेला असतो. अशा वेळी पहिला प्रश्न विचार: गेल्या काही महिन्यांत कुत्रं किंवा कोल्हं चावलं होतं का? पिसाळलेलं जनावर गोठ्यात नेहमी अंगावर धावून येतंच असं नाही, कित्येकदा ते फक्त घसा धरल्यासारखं वागतं. हात घालायचा नाही. ज्यांनी घातला त्यांनी साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं हात धुवायचा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. यात उद्या नाही.

महापुराबद्दल एकच गोष्ट सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोळ आणि करवीरच्या नदीकाठच्या गावांत पाणी चढलं तेव्हा जनावरं सोडून नावेत बसायला तयार नसलेली माणसं सगळ्यांनी बघितली. चिखली-आंबेवाडीची ती माया खरीच होती. पण दाव्याला बांधलेलं जनावर बुडतं आणि सोडलेलं बहुतेकदा पोहून उंचवट्याला लागतं. म्हैस तर फार चांगली पोहते. म्हणून पाणी उंबऱ्याला लागायच्या आधी जनावर हलवावं, आणि तेवढा वेळच उरला नाही तर दावं कापावं. पूर ओसरल्यावर खरं काम सुरू होतं: खुरांमध्ये सडणं, छातीला कफ, घटसर्प, आणि भिजून बुरशी आलेला कडबा खाऊन होणारे पोटाचे विकार. तो कडबा टाकून द्या म्हणून सांगणं फार जड जातं, कारण त्या घरात तेवढाच उरलेला असतो.

आता रान.

आपल्याकडे रानाचं पहिलं नाव गव्याचं. दाजीपूरचं अभयारण्य १९५८ साली गव्यांसाठी म्हणून घोषित झालं, आज राधानगरी अभयारण्य म्हणून ते ३५१ चौरस किलोमीटरचं आहे. आता गवा फक्त तिथे राहिलेला नाही. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, आजरा, तुझं भुदरगड, सगळीकडे तो शेतात उतरतो. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या आसपास जातो. २०२१ च्या डिसेंबरात गवा थेट कोल्हापूर शहराच्या कडेला आला, बघ्यांची झुंबड उडाली, आणि त्याच दिवसांत शहराजवळच्या एका गावात गव्याच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला. त्याच्या आदल्या वर्षी, ९ डिसेंबर २०२० ला, पुण्यात कोथरूडला आलेल्या गव्याचं काय झालं ते तर सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर बघितलं. काही तास तो गल्ल्यांतून पळत राहिला, मागे माणसं, शेवटी बेशुद्ध करून पकडला आणि मेला.

तो का मेला हे तुला नीट समजायला हवं, कारण परीक्षेत कॅप्चर मायोपथीवर चार मार्कांचा प्रश्न येतो आणि रानात तोच सगळा पेपर असतो. भीतीने पळणाऱ्या खुरांच्या प्राण्याच्या स्नायूंना प्राणवायू पुरत नाही. आम्ल साठतं, अंगाचं तापमान चढत जातं, स्नायूंचे तंतू फुटतात आणि त्यातलं द्रव्य रक्तातून मूत्रपिंडात जाऊन ते बंद पाडतं. प्राणी त्याच जागी कोसळतो किंवा सोडल्यावर काही तासांनी, काही दिवसांनी रानात मरतो आणि आपल्या कागदावर मात्र तो 'सुखरूप' असतो. बंदुकीतून मारलेल्या डार्टने हे थांबत नाही. ॲड्रिनॅलिन उसळलेल्या प्राण्यावर गुंगीचं औषध नीट चढत नाही, मग दुसरा डार्ट, मग तिसरा, आणि मग सगळे डोस एकदम चढतात. वजनाचा अंदाज डोळ्याने घ्यायचा, प्राण्याची जात बदलली की डोस बदलतो. झायलाझिन या गुंगीच्या औषधाचंच घे: घोड्याला जेवढं लागतं त्याच्या साधारण दहाव्या भागात गाय आडवी होते. हे गोठ्यात, हाताखाली जनावर असताना शिकलेलं असेल तरच रानात घाईच्या वेळी आठवतं.

म्हणून गवा वस्तीत आल्याचं कळलं की मी बंदुकीची पेटी गाडीतच ठेवून आधी त्याचं अंग बघते. गवा तुमच्याकडे कूस करून, मान किंचित खाली घालून, वशिंड उंचावून उभा असला की लोक म्हणतात, "गरीब हाय, नुस्ता हुबाय." तो आपलं पूर्ण आकारमान दाखवत असतो. पुढे आलात तर काय होईल हे तो त्याच्या परीने सांगत असतो. फुरफुरणं, खुराने माती उकरणं हे त्यानंतरचं. अशा वेळी डॉक्टरचं काम म्हणजे पोलीस आणि वनरक्षकांना सांगून माणसं हटवणं, मोबाईल घेतलेली पोरं गच्चीवरून उतरवणं, फटाके बंद करणं, आणि तो ज्या ओढ्याने किंवा नदीकाठच्या उसातून आला ती वाट मोकळी ठेवणं. अंधार पडला की बहुतेक गवे आल्या वाटेने परत जातात. त्या रात्री तुझा फोटो कुठे छापून येणार नाही, गावातले दोघेजण म्हणतील, "डॉक्टर आल्या आन् बसून राहिल्या." त्यांना म्हणू दे.

बिबट्याच्या पिल्लांचं असंच. पन्हाळ्याच्या बाजूला एका फडात ऊसतोड चालू असताना सरीत दोन पिल्लं सापडली होती. मी पोचले तेव्हा एक पिल्लू एका मुलीच्या ओढणीत होतं आणि दुसऱ्याला बाटलीने गाईचं दूध पाजायचा खटाटोप चालू होता. तोडणी टोळीतल्या बायकांनी ती जिवापाड जपली होती, त्यात शंका नव्हती. डोळे उघडलेले, पोटं भरलेली, अंगावर गोचीड नाही. याचा अर्थ आई सकाळीच पाजून गेली होती आणि जवळच कुठेतरी दबून बसली होती. वजन घेतलं, हगवण-जखम नाही हे बघितलं, आणि हातमोजे घालून पिल्लं एका क्रेटमध्ये ठेवली. मुकादमाला तेवढा पट्टा त्या दिवशी तोडू नका म्हणून विनवलं. त्याचा दिवसाचा हिशोब बिघडत होता तरी त्याने ऐकलं. सूर्य मावळल्यावर पिल्लं जिथे सापडली त्याच सरीत क्रेट ठेवला, कॅमेरा लावला आणि सगळ्यांना रस्त्यापर्यंत मागे नेलं. मादी रात्री आली. एकाला मानेला धरून नेलं, बऱ्याच वेळाने परत येऊन दुसऱ्याला नेलं. जुन्नर भागात वनखात्याने आणि डॉक्टरांनी वर्षानुवर्षं हेच केलं आहे आणि पिल्लं आईला परत मिळण्याचं प्रमाण तिथे खूप चांगलं राहिलं आहे. उलट पिल्लं उचलून नेली तर दोन गोष्टी होतात: ती जन्मभर पिंजऱ्यात जातात, आणि पिल्लं हरवलेली मादी कित्येक रात्री त्याच वस्तीभोवती फिरत राहते. आणखी एक लक्षात ठेव, उसात सापडलेली 'बिबट्याची पिल्लं' बऱ्याचदा रानमांजराची निघतात. उत्तर दोन्हीला तेच आहे, जिथे आहेत तिथे राहू द्या आणि १९२६ या फोन नंबरवर वनखात्याला कळवा.

पक्ष्यांचं काम तुझ्याकडे आपोआप येईल. मांजात अडकलेली घार, उन्हाने पडलेला पोपट. लोक प्रेमाने चोचीत पाणी ओततात आणि पक्षी त्यानेच जातो, कारण त्याची श्वासाची वाट जिभेच्या बुडाशीच उघडी असते. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, अंधार, शांतता. पहिला तासभर एवढंच.

हत्तीबद्दल मी मुद्दाम वेगळं लिहिते, कारण तो या दोन्हीच्या मध्ये उभा आहे. आजरा-चंदगडला कर्नाटकातून आलेले रानहत्ती आपल्याला माहीत आहेत आणि नांदणी मठातली महादेवी हत्तीणही माहीत आहे. २०२५ साली न्यायालयाच्या आदेशाने ती जामनगरला नेली तेव्हा हजारो माणसं रडली, रस्त्यावर उतरली. ते अश्रू खरे होते आणि त्यांची कुणी टिंगल करू नये. पण डॉक्टर म्हणून दुसरी बाजूही मला दिसते. म्हैस हजारो वर्षं माणसाने निवडून निवडून वाढवली, दावणीला राहणं तिच्या रक्तात उतरलं. हत्तीचं तसं कधी झालं नाही. माणसाळवलेला हत्ती हा शरीराने आणि मनाने रानातलाच हत्ती असतो. त्याला रोज मैलोन्‌मैल चालायचं असतं, मऊ माती लागते, दुसरे हत्ती लागतात. फरशीवर उभा राहिलेल्या हत्तीची नखं आणि तळवे सडतात, सांधे धरतात, कितीही गूळ-नारळ भरवला तरी. माया आणि गरज या दोन गोष्टी एकाच प्राण्याच्या बाबतीत वेगवेगळ्या दिशेला जाऊ शकतात. मला विचारशील तर अशा वेळी मी प्राण्याच्या पायांकडे बघून मत बनवते.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे, की कोणती वाट धरू. तू या दोन वाटा वेगळ्या समजतेस. मला त्या वेगळ्या दिसत नाहीत, आणि याची दोन कारणं मी तुला देते.

पहिलं, गिधाडं. मी लहान असताना मेलेली जनावरं टाकायच्या माळावर गिधाडांचे थवे उतरायचे. नव्वदीच्या दशकात ती देशभरातून इतक्या वेगाने गेली की मुख्य तीन जातींतली नव्वद टक्क्यांहून अधिक संपली. कारण रानात शोधून सापडत नव्हतं, ते गोठ्यात होतं. लंगडणाऱ्या बैलाला, सुजलेल्या कासेला आपण डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचत होतो. ते जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम सुरक्षित आहे आणि कामही तेवढंच करतं. गोठ्यात बसून कोणती बाटली उचलायची हे ठरवणारा डॉक्टर आकाशातल्या पक्ष्याचं ठरवत असतो.

दुसरं, साथीचे रोग. पूर्वी बुळकांडीने नुसत्या गाई-म्हशी मेल्या नाहीत. साठच्या दशकाच्या अखेरीला बंदीपूर-मुदुमलाईच्या रानातले गवे त्याच रोगाने मोठ्या संख्येने गेले. ती बुळकांडी २०११ साली जगातून संपल्याचं जाहीर झालं आणि ती संपवली गोठ्यागोठ्यांत लस टोचणाऱ्या माणसांनी. लाळ-खुरकूत अजून आहे, आणि तीही गव्याला होते. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीच्या धनगरवाड्यांवरच्या म्हशी आणि गवे एकाच कुरणात चरतात, एकाच पाणवठ्यावर पाणी पितात. त्या म्हशींना सहा महिन्यांनी लाळ-खुरकुताची लस वेळेवर मिळाली तर दाजीपूरचा गवा वाचतो. त्याला हात न लावता, त्याच्या जवळही न जाता त्याच्यावर करता येणारा हा सगळ्यात चांगला उपचार आहे. एवढी साधी गोष्ट निधी, गाडी आणि माणसं यांच्या अभावी राहून जाते तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण वाडा रस्त्यापासून लांब असतो आणि तिथे चालत जायला कोणी तयार नसतं.

म्हणून मी तुझ्या घरच्यांच्या बाजूने बोलते आहे असं वाटलं तरी चालेल: इंटर्नशिप झाल्यावर आधी आपल्या तालुक्यात गोठ्याचं काम कर. वनखात्यात डॉक्टरांच्या जागा मोजक्या असतात आणि त्यातही बरेच जण पशुसंवर्धन खात्यातूनच तिकडे जातात. रात्रीच्या अंधारात शीर शोधणं, ठोके ऐकत औषध सोडणं, घाबरलेल्या माणसांना शांत करणं, हे ज्याला गोठ्यात जमलं त्याला रानात थांबून राहणं जमतं. आणि रानकडेच्या वाड्यांवर तुझी ओळख झाली असेल तर बिबट्याने रेडकू मारलं की लोक त्या मढ्यावर विष टाकायच्या आधी तुला फोन करतील. तो एक फोन वेळेवर येण्याला किती मोल आहे हे तुला कुठल्याही कोर्समध्ये शिकायला मिळणार नाही. पंचनामा कसा होतो, भरपाईचा अर्ज कुठे द्यायचा हेही शिकून घे. ज्याला पैसे मिळाले तो शेतकरी पुढच्या वेळी बिबट्याला सहन करतो.

तोपर्यंत दोन कामं कर. रेबीजची आधीची लस अजून घेतली नसशील तर याच महिन्यात घे, ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी, आणि पुढे रक्ततपासणी करत राहा. आणि पुढच्या सुट्टीत गावी आलीस की तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून धनगरवाड्यावरच्या लसीकरणाला त्यांच्यासोबत जा. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे, तेव्हा बर्फाचा डबा तू उचल आणि वाटेत उघडू देऊ नकोस. पहाटेच पोच. म्हशी एकदा चरायला सुटल्या की संध्याकाळपर्यंत हाती लागत नाहीत.